माणदेशाचा स्वेटर विणायचाय, नक्षी कुठून आणू?

म्हसवडकरीण
नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच इथे चर्चेचा धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी मूळची म्हसवडची, म्हणजे सातारा जिल्हा, माण तालुका. गेली नऊ वर्षं स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनला आहे. विणकाम आत्याकडून शिकले पण तिकडे असताना कुणाच्या तरी बाळाचं टोपडं याच्या पलीकडे गाडी कधी गेली नाही. इथे आल्यावर थंडी, चार वाजता अंधार, आणि नवरा तीन तीन आठवडे समुद्रात तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, मग सुया हातात आल्या त्या सुटल्याच नाहीत. आता थोडंफार डिझाइनही करते, म्हणजे आपलं आलेखाच्या वहीत चौकोन रंगवत बसते.

मागच्या सप्टेंबरात इथून रात्रीच्या बोटीने उत्तरेच्या शेटलंड बेटांवर गेले. संध्याकाळी बसायचं, सकाळी लर्विक. (बोटीत काय झालं ते विचारू नका.) तिथे २०१० पासून दरवर्षी लोकरीचा आठवडा भरतो, जगभरचे वेडे जमतात. गावाबाहेर पडले आणि चक्रावलेच. झाड म्हणून नाही. नुसता माळ, दगडी बांध, वारा आणि मेंढ्या. मला एकदम दहिवडीच्या रस्त्याला उभं असल्यासारखं वाटलं, फक्त वरून कुणीतरी पाण्याची टाकी फोडलेली.

एका हॉलमध्ये एक आजीबाई विणत होत्या. कमरेला चामड्याचा पट्टा, त्याला घोड्याचे केस भरलेली छोटी गादी, गादीला भोकं, आणि उजवी सुई एका भोकात खुपसलेली. त्यामुळे सुई धरावी लागत नाही, बोटं नुसती लोकर फेकत राहतात. इतका वेग मी आयुष्यात बघितला नव्हता. पूर्वी पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालता चालता विणायच्या म्हणे. विणकामाला त्यांचा शब्द आहे ‘मॅकिन’, म्हणजे नुसतं ‘करणं’. त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे काय करतात? मी म्हटलं, आमच्याकडे उकडतं. त्या म्हणाल्या, मेंढ्या नाहीत का? मी म्हटलं, चिक्कार आहेत. तर म्हणाल्या, मग?

ते ‘मग?’ डोक्यात बसलंय. तेव्हापासून माणचा एक स्वेटर डिझाइन करायला बघतेय. पहिला प्रयत्न सिद्धनाथाच्या देवळाचं शिखर, दुसरा ठिपक्यांची रांगोळी, तिसरा मेंढ्यांची रांग. तिन्ही विणून बघितले आणि तिन्ही एअरपोर्टवरच्या दुकानातल्या वस्तूसारखे दिसतात. रात्री झोपताना ‘बनगरवाडी’ वाचतेय, तिसऱ्यांदा, तिथे पानापानावर माण दिसतो. माझ्या वहीत दिसत नाही. एखादी जागा विणकामात येते ती नेमकी कशाने? नक्षीने, लोकरीने, की नुसतं नाव दिलं की झालं?

तिरकस
सोप्पाय. अर्धा विणायचा, मग लोकर संपते, मग तीन वर्षं टँकरची वाट बघायची. (हलके घ्या)

फोटू_कुठाय
फोटो?

माणदेशी_गडी
@तिरकस हलकं घेतलं. पण या टँकरच्या जोकचा आता खरंच कंटाळा आलाय राव. माणूस माणचा आहे म्हटलं की पहिलं वाक्य दुष्काळ आणि दुसरं वाक्य किती कष्टाळू लोक. तिसरं वाक्य कुणाला येतच नाही.

@म्हसवडकरीण ताई, राग मानू नका पण तुम्ही लर्विकला जाऊन लोकर शोधली. आपल्या बाजारात घोंगडी विकायला बसलेली माणसं लहानपणी बघितली असतील ना? ती काय ॲक्रेलिकची होती?

म्हसवडकरीण
राग नाही दादा, बरोबरच बोललात. आजोबांचं घोंगडं घरात होतं, आम्ही पोरं त्यावर बसायला कुरकुर करायचो, टोचतं म्हणून. (फोटो रात्री टाकते. लाज वाटतेय.)

दोनसुया
चाळीस वर्षं विणतेय म्हणून थोडं मास्तरकीने बोलते. तुझी अडचण आधी साधी आहे, जागाबिगा नंतर. वहीतला चौकोन चौकोन असतो, टाका चौकोन नसतो. साध्या सुलट विणीत मध्यम जाडीच्या लोकरीला दहा सेंटिमीटरमध्ये साधारण २२ टाके आणि ३० ओळी येतात, म्हणजे टाका आडवा, बसका. चौकोनी कागदावरची रांगोळी त्यावर विणली की ती दबते. मी एकदा दोसुतीवरच्या भरतकामाच्या पुस्तकातला गणपती जसाच्या तसा मुलाच्या स्वेटरवर विणला होता. आधीच लंबोदर, त्यात टाका आडवा. सासूबाई बघून म्हणाल्या, याचे मोदक बंद करा.

दोन रंग सतत बरोबर चालवले की मागच्या धाग्यांच्या ओढीने टाका जवळजवळ चौकोनी होतो, म्हणून शेटलंडकडच्या फेअर आयल बेटाच्या नक्ष्या कागदावर दिसतात तशाच अंगावर दिसतात.

आता शिखर का फसलं ते सांगू? पायथ्याशी पंधरा-वीस टाके एकाच रंगाचे आले असणार. तेवढा वेळ दुसरा रंग मागे लोंबतो. घालताना बोट अडकतं, अंगठी अडकते, मुलांचं तर विचारूच नको. त्या बेटावरच्या बायका एका ओळीत दोनच रंग घेतात आणि पाच-सात टाक्यांत रंग बदलतोच. त्या नक्ष्या तशा दिसतात याचं अर्धं कारण मागची बाजू आहे. पुढच्या बाजूचं कौतुक सगळे करतात.

मी तुझ्या जागी असते तर करवतकाठ घेतला असता. दर तीन टाक्यांनी रंग बदलतो, विणायला आयता.

वऱ्हाडी_ठेचा
थांबा थांबा. करवतकाठ आमचा हाय. नागपूर-भंडाऱ्याकडच्या साडीचा काठ माणदेशाच्या नावावर चढवून राह्यले का तुम्ही?

दोनसुया
घे बाबा तुझा काठ. वीण म्हणून सुचवलं.

इंदुरी_शेव
माझी आई डिझाइन ‘चोरायची’. आम्ही इंदूरचे, तिकडे डिसेंबर-जानेवारीत खरोखरची थंडी असते, दुपारी गच्चीवर उन्हात सगळ्या बायका सुया घेऊन बसायच्या. पण आईचा खरा अभ्यास ट्रेनमध्ये व्हायचा. समोरच्या सीटवरच्या पोराचा स्वेटर आवडला की आधी पोराला पार्लेजी द्यायची, मग मांडीवर घ्यायची, मग गप्पा मारता मारता त्याची पाठ स्वतःकडे वळवून बोटाने मोजायला लागायची. दोन सुलट, एक उलट, दोनचा एक, लोकर पुढे. ओठ हलत असायचे. खांडवा येईपर्यंत अख्खी वीण पाठ. शाळा चौथी पास, वर्तमानपत्र वाचायला अर्धा दिवस लागायचा. स्वेटर मात्र ती धडाधड वाचायची, आणि कुठे चुकलंय तेही सांगायची, ‘हिने बाहीला घाई केली.’

त्यामुळे गावाची वीण वगैरेबद्दल मला जरा शंका आहे. आईच्या स्वेटरांमध्ये भोपाळ होतं, झाशी होतं, एक वीण तर कुणा सरदारजींच्या नातवाची होती. तिला आमच्या घरी ‘सरदारजींची’ असंच नाव होतं.

तिरकस
आजच्या काळात पोराला पार्लेजी देऊन मांडीवर घेतलं तर थेट पुढच्या स्टेशनावर उतरवतील.

सागरगोटा
@इंदुरी_शेव +१. ‘जागेची वीण’ या प्रकरणात बरीच मार्केटिंगची भेसळ आहे. आयर्लंडच्या अरान बेटांचं उदाहरण घ्या. जाड पांढरा स्वेटर, त्यावर वेण्या. गोष्ट अशी सांगतात की प्रत्येक घराण्याची वीण वेगळी, कोळी बुडाला आणि दिवसांनी किनाऱ्याला लागला तर स्वेटरवरून ओळखायचे. ऐकायला भारी आहे, पण ही प्रथा होती याला आधार नाही. ही समजूत मुख्यतः आयरिश नाटककार जॉन मिलिंग्टन सिंग यांच्या १९०४ च्या नाटकातून पसरली असं मानतात. आणि नाटकात स्वेटर नाहीच! मोजा आहे. बुडालेल्याची बहीण मोजा हातात घेऊन टाके मोजते. तिनेच विणलेला असतो, साठ टाके घातलेले आणि त्यातले चार सुटलेले. त्यावरून तिला कळतं की हा आपलाच भाऊ.

म्हणजे ओळख पटली ती घराण्याच्या नक्षीवरून नाही, स्वतःच्या चुकीवरून.

आइसलँडचा तो गोल गळ्याभोवती नक्षीवाला स्वेटर तर विसाव्या शतकाच्या मध्याचा. वाटतो व्हायकिंग लोकांच्या काळातला.

उनाड_पोरगा
सुटलेल्या टाक्यांवर भाऊ ओळखायचा म्हटलं तर माझा मृतदेह शंभर किलोमीटरवरून ओळखतील.

हो, मी विणतो. मुलगा आहे, वय २९, आयटी, ठाणे. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून विणतो. लोक विचारतात ‘बायकांचं काम कसं काय’. पेरूमध्ये टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचं बेट आहे, तिथे पुरुषच टोप्या विणतात, युनेस्कोने २००५ साली त्यांच्या कापडकलेची दखल घेतली. हे उत्तर मी पाठ केलंय. काकालोक गप्प होतात.

म्हसवडकरीण
@सागरगोटा शेटलंडलाही अशी एक गोष्ट आहेच. १५८८ साली स्पॅनिश आरमाराचं एक जहाज फेअर आयलवर फुटलं, हे खरं आहे. मग म्हणे त्या खलाशांनी बायकांना नक्ष्या शिकवल्या. हे बहुधा टूरिस्टांसाठी. बेट केवढं, तर पाच किलोमीटर लांब, शंभराहूनही कमी माणसं. आणि खपाचं म्हणाल तर १९२० च्या दशकात प्रिन्स ऑफ वेल्सने गोल्फ खेळताना तसला स्वेटर घातला आणि सगळ्यांना हवा झाला.

पण मला तिथे वेगळीच गोष्ट लागली. एकोणिसाव्या शतकात या बायकांना विणकामाचे पैसे मिळायचेच नाहीत. व्यापारी शाल घ्यायचा आणि बदल्यात चहा, कापड द्यायचा, तेही त्याच्याच दुकानातलं, त्यानेच ठरवलेल्या किमतीला. इतकी ओरड झाली की १८७२ मध्ये सरकारी चौकशी बसली. एवढ्या नाजूक शाली, की लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता यायच्या, आणि बाई घरी पीठ कसं आणायचं या विवंचनेत, कारण दुकानदार चहाच देतोय. हे वाचल्यापासून मला ‘परंपरा’ शब्द जपून वापरावासा वाटतो.

माणदेशी_गडी
हे वाचून सणगर आळी आठवली. आमच्याकडे घोंगडी विणणारे सणगर, मेंढ्या धनगरांच्या. लोकर कातरायची, पिंजायची, सूत काढायचं, मग मागावर. विणण्याआधी ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, चिंचोक्याची खळ लावतात, चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवून. त्या खळीने सूत ताठ होतं. नव्या घोंगड्याला जो वास येतो तो निम्मा मेंढीचा, निम्मा चिंचोक्याचा. तो वास म्हणजे माण, माझ्यापुरता. पण वास विणता येत नाही.

आता दख्खनी मेंढीला लोक मटणासाठी पाळतात, संकर करतात, लोकर कमी झालीय. आमच्या भागात कातरणावळ सुद्धा सुटत नाही, लोकर बांधावर टाकून देतात. बघवत नाही.

म्हापशेकार
अवांतर होतंय पण गोव्यातून एक. आमच्याकडे सुया नाहीत, क्रोशाचा आकडा. आजीच्या घरात टीव्हीवर क्रोशे, फ्रिजवर क्रोशे, पाण्याच्या तांब्यावर मणी लावलेलं क्रोशे, आल्तारावर (देवाच्या वेदीवर) तर असायचंच. कला कुठून आली तर गोऱ्या पाद्री-नन्सकडून. आता ती गोव्याची आहे का पोर्तुगालची? आजीला विचारलं असतं तर म्हणाली असती, फ्रिजची आहे.

दोनसुया
फ्रिजची आहे :)) मेले.

सुयांचंही तसंच आहे रे. आपल्याकडे मिशनरी बायकांबरोबर, मुलींच्या शाळांमधून आलं ते. आपल्या आज्या-पणज्यांचं खरं गोधडी.

वाचनवेडी_मी
मला दुसऱ्या मुद्द्यावर बोलायचंय, वाचन. इथे कोण कोण विणता विणता वाचतं? मी पुस्तक ताटलीच्या स्टँडवर ठेवून दोन्ही बाजूंना कपड्यांचे चिमटे लावते. नुसतं सुलट असेल तर वाचता येतं, जाळीची वीण असेल तर नाही. म्हणून माझी पुस्तकं विणीप्रमाणे ठरतात. सोप्या मफलरला जाडी कादंबरी. वेणीला कविता, कारण ओळ वाचायची, मग सहा टाके लक्ष द्यायचं, परत ओळ. आणि गंमत म्हणजे नंतर तो मफलर बघितला की ते पुस्तकच आठवतं. नवऱ्याच्या राखाडी स्वेटरच्या डाव्या बाहीत एक खून झालाय आणि त्याला माहीत नाही.

उनाड_पोरगा
किंडल घ्या. पान नाकाने उलटता येतं. अनुभवाचे बोल.

निवृत्त_गार्ड
मी विणत नाही. रेल्वेत गार्ड होतो, मालगाडीवर, सोलापूर-दौंड बरीच वर्षं. हा धागा सौ. ला वाचून दाखवत होतो, तिने आज्ञा केली की लिहा.

१९९३ साली तिने माझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला होता. गार्डचा डबा गाडीच्या शेपटाला, चहूबाजूंनी वारा, डिसेंबरात पहाटे जेऊर-केम भागात हाडं गोठायची. पाठ झाली, पुढचे भाग झाले, एक बाही झाली, दुसरी अर्धी. मग लोकर संपली आणि त्याच लॉटची मिळेना. दुसऱ्या लॉटचा रंग किंचित वेगळा. ती म्हणाली, मी असलं ठिगळ तुम्हाला घालू देणार नाही. तेव्हापासून डांबराच्या गोळ्यांबरोबर ट्रंकेत आहे, सुयांसकट. आता तिची बोटं वळत नाहीत, संधिवात आहे. नात म्हणते मी पूर्ण करते. पण दुसरी बाही कुठवर आली होती आणि पुढे काय करायचं ते हिला आठवत नाही. कागदावर काही नाही, सगळं डोक्यात होतं. इथल्या जाणकारांना फोटोवरून सांगता येईल का?

दोनसुया
काका, फोटो टाका. बाहीचा सपाट पसरून एक, वेणीचा जवळून एक. शेजारी फूटपट्टी ठेवा.

फोटू_कुठाय
+१

दोनसुया
बघितले. काय सुंदर हात आहे काकूंचा, कडा बघा, रेघ मारल्यासारख्या.

मनगटाकडून वर विणलीय. दर सहाव्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका वाढवलाय. नऊ वाढी दिसतात, शेवटच्या वाढीनंतर चार ओळी झाल्यात. म्हणजे अजून एक ओळ साधी विणून त्याच्या पुढच्या ओळीला वाढ. पहिल्या बाहीवर एकूण किती वाढी आहेत ते नातीला मोजायला सांगा, तितक्याच करायच्या.

आणि एक. वेणी डावीकडे वळतेय, खालून पाचवा पीळ मात्र उजवीकडे गेलाय. उसवून दुरुस्त करायचा असेल तर फक्त तेवढे सहा टाके खालपर्यंत सोडून क्रोशाच्या आकड्याने उचलता येतील.

निवृत्त_गार्ड
सौ. सांगते ते जसंच्या तसं टाइप करतोय. ‘सहाव्या ओळीला कोपरापर्यंतच. कोपराच्या वर आठव्या ओळीला. फोटो बघून सगळं कळत नाही म्हणावं.’

(क्षमस्व. ती शिक्षिका होती.)

वेणीबद्दल. आधी म्हणाली, शक्यच नाही. मग स्वेटर खिडकीशी नेला, चष्मा बदलला, आणि गप्प बसली. तो पीळ ३० सप्टेंबरचा आहे म्हणते. किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून सगळे दमून झोपलेले, पहाटे चारला क्वार्टर हलले. मी दौंडला होतो, फोन लागत नव्हता. सगळी कॉलनी बाहेर. दिवसभर कुणाचा आत जायचा धीर होईना, ती पायरीवर रेडिओ लावून विणत बसली होती, मृतांचा आकडा दर बातमीला वाढत होता. मला हे तीस वर्षांत सांगितलं नव्हतं. मला वाटायचं लोकर संपली म्हणून सोडला.

इंदुरी_शेव
काका...

सागरगोटा
चार सुटलेले टाके.

दोनसुया
काकू, चूक कबूल, आठव्या ओळीला. आणि तो पीळ उसवायचं मी बोललेच नाही असं समजा.

निवृत्त_गार्ड
‘उसवणार कोण होतं?’ इति सौ.

लोकरीचा प्रश्न राहतोच. त्या रंगाची आता कुठून मिळणार?

तिरकस
काका, तुम्ही गार्ड ना? एक बाही लाल करा, एक हिरवी. झेंडे हातात धरायची कटकटच नाही.

निवृत्त_गार्ड
हे वाचून ती इतकी हसली की ठसका लागला. नात म्हणते तिरकस काकांचंच करूया. वरचा अर्धा भाग वेगळ्या रंगात, मुद्दाम, लपवायचं नाही. विचाराधीन आहे.

आता ती त्या म्हसवडच्या ताईंना काही सांगू म्हणते. तिचं माहेर आटपाडीकडचं. ‘घोंगड्याला कधी शिखर बघितलंस का, मोर बघितलास का? काळं असतं, काठाला दोन पांढऱ्या रेघा असतात, संपलं. नक्षी ज्याला थंडी वाजत नाही त्याला सुचते. ते पांघरतात कसं ते आठव.’

म्हसवडकरीण
काकू, साष्टांग नमस्कार.

दोन दिवस उत्तर लिहिलं नाही कारण खरंच ते आठवत बसले होते. आजोबा पावसात घोंगड्याची खोळ करायचे. एक कोपरा आत खोचून डोक्यावर टोक, बाकीचं पाठीवरून पोटरीपर्यंत. खाली बसले की तंबू. मी आत शिरायचे. बाहेर बसायला टोचतं म्हणून रडणारी मी आत मात्र कुरकुर न करता बसायचे, आतून पावसाचा आवाज वेगळा यायचा, जाड. हे मी कशी विसरले देवाला माहीत. वहीत शिखरं काढत बसले.

तर स्वेटर रद्द. मला खोळ होईल असं काहीतरी विणायचंय. रांगोळी नाही, मेंढ्या नाहीत. शेटलंडच्या काळ्या मेंढीची न रंगवलेली लोकर माझ्याकडे आहे, पांढरीही आहे. @माणदेशी_गडी दादा, तुमच्या घरी घोंगडं असेल तर माप द्याल का? आणि खोळ करताना नेमका कुठला कोपरा कुठे जातो, आडव्या बाजूचा का उभ्या?

माणदेशी_गडी
आमच्या घरचं मोजलं. लांबी साडेनऊ फूट, रुंदी चार. खोळीचं लिहून समजणार नाही, वडलांना अंगणात उभं करून व्हिडिओ काढलाय, व्यनि (खासगी निरोप) बघा. त्यांना वाटलं बातम्यांत येणार आहे, टोपी बदलून आले.

उनाड_पोरगा
हिशेब करून बघितला. दोनसुया काकूंचा आकडा धरला तर चार फुटाला २६८ टाके, साडेनऊ फुटाला ८७० ओळी. एकूण २,३३,१६०. ताई, नवऱ्याला सांगा समुद्रातच राहा.

वऱ्हाडी_ठेचा
आणि करवतकाठ नको ना? पक्कं? मग मी झोपतो.

माणदेशी_गडी
ताई, एक खटकतंय ते बोलतो. काळ्या मेंढीची म्हणता पण मेंढी शेटलंडचीच. मग ते माणचं कसं झालं?

म्हसवडकरीण
माहीत नाही दादा. खरंच नाही. तुमच्या बांधावर टाकलेली लोकर कुणी कातून दिली तर मी दोन किलो मागवेन, पोस्टाचा खर्च माझा. टोचली तर टोचली. तोवर या लोकरीचा अर्ध्या मापाचा नमुना करते, कोपरा खोचला जातो का ते बघायला. काल १३४ टाके घातलेत, वीस ओळी झाल्यात, दोन पांढऱ्या रेघा आल्या. फोटो टाकलाय. यावेळी लाज नाही वाटत.

फोटू_कुठाय
दिसला!! मस्त. पण उजवी कड वाकडी येतेय का?

निवृत्त_गार्ड
सौ. म्हणते हो, येतेय. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचल, शेवटचा मात्र विणायचाच. आणि वीसच ओळी झाल्यात तर आत्ताच उसव, मग जीवावर येतं.